निम्म्या वाटेचे भाऊ

भाऊ चौबळांनी बेलापुरातल्या निम्म्याशिम्म्या लोकांना उरणच्या समुद्राकडे नेलं होतं आणि त्यांतल्या एकालाही समुद्र दाखवला नव्हता. कोणी तक्रार केली की ते विचारायचे, "परत आलात ना?" तक्रार करणारा समोरच उभा असल्यामुळे त्याला 'हो' म्हणावं लागे. "मग झालं तर," असं म्हणून भाऊ पुढच्या सहलीचा विषय काढायचे.

माझी त्यांची पहिली भेट चपलांवरून झाली. साठ साल उजाडायला अजून तीन-चार वर्षं होती. चिपळूणकडची मी, नुकतीच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडून बेलापूरच्या मराठी शाळेत हजर झाले होते. राहायची सोय चौबळांच्या मागच्या पडवीतल्या खोलीत होती. ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच एक उंच, सडपातळ गृहस्थ छत्री टेकत आले आणि माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत म्हणाले, "जरा चप्पल काढा." मला वाटलं, घर सोवळ्याचं असेल. मी दोन्ही काढल्या. त्यांनी एक उचलून उलटी केली, टाच पाहिली आणि म्हणाले, "बाहेरच्या अंगाला झिजलीय. चढाल चांगल्या. उतरताना रडाल." एवढं सांगून ते निघून गेले. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

भाऊ मिठागरावर सरकारी कारकून होते. मीठ पिकतं उन्हाळ्यात, त्यामुळे उरलेल्या वर्षात त्यांच्याकडे वेळ असे आणि तो ते लोकांना फिरवण्यात घालवत. आज त्या सगळ्या मुलखाला नवी मुंबई म्हणतात आणि तिथली माणसं सकाळी उठून, बूट घालून, मुद्दाम चालायला निघतात. तेव्हा तसं नव्हतं. माणूस चालायचा तो बाजाराला, लग्नाला नाही तर पनवेलच्या कोर्टात. काही कारण नसताना कोणी चालताना दिसला तर त्याचं घरी बिनसलं असणार असं लोक धरून चालत. अशा गावात भाऊंनी मास्तरांना, दवाखान्यातल्या कंपाउंडरला, एवढंच काय, किराणा दुकानदारालासुद्धा बिनकामाचं चालायला लावलं होतं.

"वाट ठरवायची ती मंडळीतल्या सगळ्यात कच्च्या माणसाच्या पायानं," ते सांगायचे. "तो चालणार पुढं. त्याचा निम्मा दम संपला की जिथं असू तिथून मागं फिरायचं. उरलेला निम्मा घरी जायला."

नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, फक्त त्या नियमानं कोणी कुठं पोचत नसे. पारसिकचा डोंगर आम्ही अर्धा चढलो. कर्नाळ्याचा किल्ला पायथ्याच्या आंब्याखाली बसून पाहिला. उरणच्या वाटेवर जासईच्या पुढं एक चिंच होती, तिथून मंडळी मागं फिरायची. अर्धवट राहिलेल्या कोणत्याही कामाला बेलापुरात 'भाऊंची सहल झाली' असं म्हणत. शाळेच्या नव्या वर्गाच्या भिंती कमरेएवढ्या होऊन थांबल्या तेव्हा हेडमास्तरांनी तपासणीला आलेल्या साहेबांना तसंच सांगितलं. साहेब बाहेरगावचे होते. भाऊ हे कंत्राटदाराचं नाव असावं अशा समजुतीनं त्यांनी त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं.

कच्चा माणूस कोण, हे मात्र भाऊ कधीही बोलून दाखवत नसत. 'तुम्हाला पुढचं जरा बरं दिसतं, तुम्ही पुढं व्हा,' असं म्हणून ते त्याला पुढं घालत. त्यामुळे प्रत्येकाला वाटे की कच्चा दुसराच कोणीतरी आहे आणि आपण त्याला सांभाळून घेतो आहोत. सहलीत अतिशय खेळीमेळीचं वातावरण असे.

माणूस जोखायची त्यांची रीत मिठागरावरची होती. वाफ्यांमधले बांध अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढे. सहलीला यायचं म्हणणाऱ्याला भाऊ आधी त्या बांधांवरून फिरवून आणत आणि मागून चालता चालता म्हणत, "तुमच्या लग्नाची हकिकत सांगा." लग्नाची हकिकत प्रत्येकाकडे असते आणि ती थोडक्यात कोणालाच सांगता येत नाही. वाक्यं तुटायला लागली की भाऊंना पाहिजे ते कळे. पनवेल ते पेण एका दमात चालल्याचं सांगणारे आमचे हेडमास्तर वरपक्ष मांडवात शिरायच्या आधीच गप्प झाले आणि बांधावर उकिडवे बसून मिठाची चौकशी करू लागले. माझं लग्न व्हायचं होतं म्हणून मी बहिणीचं सांगितलं. माझ्याबाबतीत भाऊंना चिंता वाटली नाही, कारण विहिणींचं भांडण मी एका श्वासात सांगितलं होतं.

"पुरुष सांगतो त्यातून निम्मं कमी करायचं," ते एकदा मला म्हणाले, "आणि बाई सांगते त्यात तेवढं घालायचं. मग दोघं साधारण सारखीच चालतात."

हा निम्म्या वाटेचा नियम आला कुठून, हे मला त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, तांदूळ निवडता निवडता सांगितलं. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. भाऊ तेव्हा पनवेलला राहत. मित्रांबरोबर भर उन्हात एका गडावर गेले, वरपर्यंत पोचायचंच म्हणून पोचले आणि उतरताना चक्कर येऊन पडले. डोंगरातल्या चार ठाकरांनी त्यांना बाजेवर घालून खांद्यावरून घरी आणलं. ऊन लागू नये म्हणून तोंडावर उपरणं टाकलं होतं. चार माणसांच्या खांद्यावर काय येतं हे गल्लीला माहीत होतं, त्यामुळे बातमी बाजेच्या आधी घरी पोचली. बाज दारात टेकली तेव्हा सासूबाईंनी गळा काढला होता आणि वहिनींनी कुंकू पुसलं होतं. भाऊंनी उपरणं बाजूला केलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

"मी परत लावलं कुंकू," वहिनी म्हणाल्या. "पण ते पुसताना हाताला जे कळलं ते कळलंच ना. माणसानं जावं कुठं जायचं तिथं, पण येताना दारात उभं राहून हाक मारावी."

त्या दिवसापासून भाऊ परतीच्या बाजूचे झाले. परत यायचं ते आपल्या पायानं, दिवसाउजेडी आणि तोंड उघडं ठेवून, असं त्यांचं म्हणणं होतं. वहिनी स्वतः कुठल्याही सहलीला गेल्या नव्हत्या. त्या डबे भरून देत आणि संध्याकाळी ओटीवर येऊन उभ्या राहत.

माझ्या खोलीत माझ्याआधीपासून ताराबाई जगताप राहत होत्या. आमच्याच शाळेत पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे होता. त्या सातारा भागातल्या, चाळिशीच्या, फार तरुणपणी विधवा झालेल्या. बोलत कमी. सुरुवातीला मला तो गंभीर स्वभाव वाटला. मग कळलं की त्यांना लहानपणापासून दमा होता आणि श्वास पुरवून वापरायची ती सवय होती. एस.टी.च्या धुराचा वास आला की त्यांना उलट्या होत आणि मागोमाग दम लागे. गावाहून इथं आल्या तेव्हा आठवडाभर अंथरुणात होत्या म्हणे, त्यामुळे मोठ्या सुट्टीतसुद्धा घरी जात नसत. खोली, शाळा आणि संध्याकाळी खाडीच्या धक्क्यापर्यंत एक फेरी, एवढाच त्यांचा मुलूख होता.

एका वर्षी त्यांच्या भावानं खटपट करून त्यांची बदली गावाजवळ करून घेतली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिकडे हजर व्हायचं होतं. हुकूम आला त्या संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसलो होतो.

"कुसुम," त्या म्हणाल्या, "एवढी वर्सं खाडी बघितली. पल्याड डोंगर दिसतोच. समुद्र म्हंजे पल्याड काय दिसत न्हाई म्हणत्यात."

"नाही दिसत," मी म्हटलं.

"मला ते बघायचं हाय. आता एकदा गाडीत बसून घरी गेले की मी काय परत हिकडं येत न्हाई."

त्यांनी एका वेळी एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच पुढच्या ओटीवर गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मला उरणला न्या. चालत."

भाऊंनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी ताराबाईंची चप्पल पाहिली आणि दोघं बांधावर गेली. लग्नाची हकिकत त्यांनी विचारली नाही. ज्वारीची भाकरी कशी करतात ते सांगा म्हणाले. ताराबाईंनी पीठ मळलं आणि थांबून बगळे पाहिले. भाकरी थापली आणि पुन्हा बगळे पाहिले. ती तव्यावर पडेपर्यंत बांध संपला होता. "बाई बगळे फार बघतात," भाऊ घरी येऊन वहिनींना म्हणाले. "बगळे बघायला का थांबतात ते मला समजतं."

वहिनींना वाटलं, ते नाही म्हणणार. पण भाऊ पुढचे सगळे रविवार एकटेच खाडीपलीकडे जाऊ लागले. धडधाकट माणूस सकाळी निघून संध्याकाळी पोचतो त्या वाटेला त्यांनी चार दिवस दिले. कुठं सावली आहे, कुठं टेकायला दगड आहे, कुठल्या घरी पाणी मागितलं तर दोन गोष्टी सांगत बसवून घेतील, हे बघून आले. मुक्कामाला घरं निवडली ती चूल परसात असलेली, म्हणजे धूर नको. दिवस शेतीच्या सुगीचे. भाताच्या झोडणीची धूळ ताराबाईंना सोसली नसती, म्हणून गव्हाणच्या पाटलांना त्यांनी झोडणी दोन दिवस पुढं ढकलायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. नियम मात्र तोच होता आणि तो त्यांनी ताराबाईंना स्पष्ट सांगितला. "निम्मा दम संपला की मागं. मग समुद्र हाकेवर असला तरी मागं."

"बरं," ताराबाई म्हणाल्या.

मी बरोबर जाणारच होते. हेडमास्तरही आधी येणार होते. चार दिवसांचा बेत ऐकून ते म्हणाले, या वेगानं निघालो तर माझी पेन्शन वाटेतच सुरू होईल, आणि त्यांनी अंग काढून घेतलं. मग वहिनी म्हणाल्या, "दोघी बायका आहेत, मुक्काम करायचे, तर मी येते." भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चप्पल बघायला हात पुढं केला. "माझी नका बघू," वहिनी म्हणाल्या. "रोज तुमच्या दारातच असते ती."

दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. गावालगतच्या दिवाळे कोळीवाड्याच्या बंदरावर एक कोळीण काठीवर बोंबील टांगत होती. तिनं आम्हाला होडीकडे जाताना पाहिलं. "काय वो भाऊ, औंदा तरी पोचनार, का मदीच फिरनार?"

"बघू," भाऊ म्हणाले.

"बगू म्हंजे फिरनार," तिनं शेजारणीला सांगितलं.

पलीकडच्या काठाला उतरलो आणि ताराबाई पुढं झाल्या. त्यांच्यामागं मी, मग वहिनी, शेवटी भाऊ. त्या चार दिवसांत भाऊंच्या बुटाची नाडी जितक्या वेळा सुटली तितकी ती विकत घेतल्यापासून सुटली नसेल. नाडी नसली तर छत्री अडकायची, छत्री नसली तर कुठलंसं झुडूप ओळखायचं असायचं. ताराबाईंना थांबायची गरज पडायच्या जरा आधी हे व्हायचं. "दम लागल्यावर थांबणं म्हणजे उशिरा थांबणं," असं त्यांनी माझ्या कानाशी सांगितलं.

गव्हाणला आमचं स्वागत विचित्र झालं. गावात शिरलो तेव्हा मोठी माणसं अंगणात उभी होती आणि एकही मूल दिसत नव्हतं. पाटलांच्या घरातसुद्धा नाही. पाळणा होता, पण रिकामा. जेवणं झाल्यावर पाटलांच्या म्हाताऱ्या वडलांनी विचारलं, "टोचनार कवा?"

"काय टोचणार?"

"देवीची लस."

झोडणी थांबवायचा हुकूम, हातात बॅग आणि छत्री, बरोबर शिकलेल्या बायका, आणि चाल अशी की घर न् घर मोजत यावं. गावानं पोरं रानात पाठवून दिली होती. भाऊंनी समजावलं, "आम्ही फिरायला आलो आहोत."

"कोनाकरं?"

"कोणाकडे नाही. नुसतंच फिरायला."

म्हाताऱ्यानं बराच विचार केला. "मंग टोचनारच असनार," ते म्हणाले आणि त्यांनी आम्हाला झोपायला सगळ्यांत चांगली घोंगडी दिली. आम्ही सकाळी खरोखरच कोणाला न टोचता निघालो तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, आणि पाटलीणबाईंना थोडी फसवणूक झाल्यासारखंही वाटलं.

दुसरा मुक्काम जासईला झाला. तिसऱ्या दिवशी चिंच आली. भाऊ तिथं जरा घुटमळले. पुढची वाट त्यांनी एकट्यानं पाहिली होती, पण मंडळी घेऊन ते तिच्या पुढं कधीच गेले नव्हते. ताराबाईंचा श्वास शांत होता. त्यांनी चिंचेकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागल्या. त्या संध्याकाळी आम्ही उरणच्या अलीकडच्या शेवटच्या खेड्यात भाऊंचे जुने स्नेही दाऊदमिया यांच्या घरी पोचलो. मला वाटलं, झालंच आता.

सकाळी शेजारच्या खळ्यात कोणीतरी तूस पेटवलं. हे भाऊंच्या कुठल्याच बेतात बसण्यासारखं नव्हतं. धूर सरळ आमच्या पडवीत आला आणि ताराबाईंचा दम उसळला. त्या भिंतीला टेकून, दोन्ही हात जमिनीवर रोवून बसल्या. खांदे कानाला लागत होते. दाऊदमियांनी धावत जाऊन तूस विझवलं, वहिनी पाठ चोळत राहिल्या, डॉक्टरांची गोळी दिली. मी नुसती घाबरले. दुपारपर्यंत श्वास जागेवर आला, पण चेहरा पांढरा पडला होता.

भाऊ त्यांच्यासमोर बसले. "ताराबाई, आता मागं फिरायचं. उद्या विश्रांती, परवा हळूहळू जासई."

"समुद्र किती लांब हाय?"

"तुमच्या चालीनं एक सकाळ."

"मग?"

"जायला एक सकाळ, पण परत यायला चार दिवस. तेवढा दम आता तुमच्यात नाही. मला दिसतं ना."

ताराबाई थोड्या थांबल्या. बगळे नव्हते, त्यामुळे त्या नुसत्याच थांबल्या. "येताना मला चालायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. "येताना गाडीत घाला."

मी अगदी भाबडेपणानं म्हटलं, "मग जातानाही बैलगाडीच करू या की."

"न्हाई," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "ल्हानपणापासनं जत्रंला सगळी चालत जायची आन् मला सामानासंगं गाडीत बसवायची. देवापुढं मला उचलून न्यायची. जाताना मी चालणार. येताना पोतं म्हणून आणा."

"परत यायचं ते आपल्या पायानं," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते घाबरले होते, हे मला दिसलं. "आडवं होऊन गावात शिरायचं नाही, ताराबाई. घरची माणसं वाट बघत असतात."

"माझं कुंकू पुसायला कोण बसलंय, भाऊ?" ताराबाई म्हणाल्या. "ते कवाच पुसलं."

 दाऊदमिया उगीचच अंगणात गेले. मी वहिनींकडे बघायचं टाळत होते. वहिनी मात्र उठल्या, पदर सारखा केला आणि भाऊंना म्हणाल्या, "तुमचा नियम माझ्यापायी होता ना? करताना मला विचारलं नव्हतं. आता मी सांगते, गाडी सांगा."

 हिशोबात हातचा राहून गेल्यावर माणूस म्हणतो तसं भाऊ म्हणाले, "हे मी धरलं नव्हतं."

एक दिवस विश्रांती झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गाडी बरीच मागून, रिकामी येत होती. भाऊंनी बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढायला लावल्या होत्या. मागं गाडी आहे हे ऐकू आलं की पाय लवकर दमतात, असं त्यांचं म्हणणं. ताराबाई दर थोड्या अंतरावर थांबत होत्या आणि आता कोणी नाडी बांधायचं सोंग करत नव्हतं. त्या थांबल्या की आम्ही सगळेच थांबायचो. उरण मागं पडलं, नारळीच्या वाड्या संपल्या, पायाखाली वाळू लागली. ताराबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन उभ्या राहिल्या.

पलीकडे काही नव्हतं.

मला वाटलं होतं, त्या रडतील. त्या डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, वर्गाची हजेरी घ्यावी तसं सगळं पाणी पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हितनं फुडं कुणालाच चालता येत न्हाई. व्हय ना, भाऊ?"

"नाही येत."

"तुमालाबी?"

"मलाही नाही."

ताराबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर सगळ्यांच्या मागं राहिलेली ती बाई सगळ्यांबरोबर एका ओळीत उभी होती. मला रडू फुटलं. डोळ्यांत वाळू गेली म्हणून मी सांगितलं, पण वारा नव्हता.

भाऊ छत्री टेकून उभे होते. इतक्या सहली काढल्या, पण मंडळी घेऊन पोचायची त्यांची ही पहिलीच वेळ. पोचल्यावर काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं. ते हळूच वहिनींना म्हणाले, "आता काय करायचं?"

"बसायचं," वहिनी म्हणाल्या. मग आम्ही सगळे बसलो.

परतताना पेंढ्याऐवजी गोधड्या घालून ताराबाईंना गाडीत निजवलं. त्या जवळजवळ सगळी वाट झोपल्या. भाऊ गव्हाणपर्यंत गाडीमागून चालत आले, पण दिवाळ्याला होडीतून उतरून दुसरी गाडी केली तेव्हा वहिनींनी त्यांना हाताला धरून आत बसवलं. बेलापुरात शिरताना हेडमास्तर शाळेच्या फाटकात होते. चौघं बैलगाडीतून येताना बघून त्यांनी काळजीनं विचारलं, "कुठून परत फिरलात?"

"समुद्रावरून," भाऊ म्हणाले. ते कोणालाच पटलं नाही.

आठ दिवसांनी ताराबाई गेल्या. भाऊंनी कंडक्टरला सांगून पुढची, खिडकीची जागा मिळवून दिली होती. नाकाशी लिंबू धरून त्या बसल्या. मान खाली घातली नव्हती. पुढं त्या गावच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवत होत्या, असं कळत राहिलं.

भाऊंच्या सहली चालूच राहिल्या आणि बहुतेक निम्म्यावरून परत येत राहिल्या. एकच गोष्ट बदलली. बांधावरून फिरवून आणल्यावर ते आता आणखी एक विचारत. "पोचायचं आहे, की फिरायचं आहे?" बहुतेक लोक हसून म्हणत, काहीही चालेल. त्यांना ते पूर्वीसारखंच निम्म्यावरून मागं आणत. एखाद्याला मात्र उत्तर द्यायला वेळ लागे. तो खाली बघे, उगीच मिठाच्या ढिगाकडे बघे. अशा माणसासाठी भाऊ काही न बोलता गाडी सांगून ठेवत. मग तो दत्ताच्या देवळात पोचला, कर्नाळ्यावर पोचला, बहिणीच्या दारात पोचला. लोक अजूनही 'भाऊंची सहल' म्हणत, पण आता ते म्हणताना जरा थांबत.

साठ सालानंतर माझं लग्न झालं, मी ठाण्याला गेले. दोन-तीन वर्षांत भाऊंच्या हृदयाचं दुखणं निघालं. मी भेटायला गेले तेव्हा भाऊंना जाऊन पंधरवडा झाला होता. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. मी रडले, त्या रडल्या नाहीत. झालं ते त्यांनी नीट सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या, नेलं तर काही महिने मिळतील, पण वाटेचा भरवसा देत नाही. पनवेलहून मोटार बोलावली. ती दारात उभी राहिली. उचलायला चार माणसं आली.

"मी त्यांना विचारलं," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, पोचायचं आहे, की फिरायचं आहे?"

"काय म्हणाले?"

"त्यांना वेळ नाही लागला. म्हणाले, फिरायचं होतं. फिरून झालं."

मग वहिनींनी त्या चार माणसांना चहा दिला आणि मोटार परत पाठवली.